वानरसेनेची नाइट शिफ्ट

सकाळी आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतले लोक नळावर दात घासत उभे असायचे, तेव्हा शेजारचे भाऊजी रात्रीचं जेवण जेवत असायचे. वरण, भात, वांग्याची भाजी, वर फोडलेला कांदा, अगदी साग्रसंगीत. जेवण झालं की ताट धुऊन पालथं घालायचे, खिडकीला जाड गोधडी अडकवायचे आणि दारात येऊन मला सांगायचे, "चला वहिनी, झोपतो जी. रात झाली." उन्हं तेव्हा माझ्या ओट्यापर्यंत आलेली असायची. लग्न होऊन मी तुमसरकडून भिलाईला आले ती नवीनच. पहिले काही दिवस मला खरंच वाटलं की या गावात दिवस आणि रात्र उलट मोजत असतील.

आणि गाव म्हणावं असं तिथे होतं तरी काय! लाल माती, एकसारख्या क्वार्टरच्या रांगा आणि पलीकडे उभा होत असलेला पोलादाचा प्लांट. एक भट्टी पेटली होती, पुढच्या बांधून होत होत्या. लाइनीतला कोणी पहाटे कामावर जाई, कोणी दुपारी, कोणी रात्री, आणि आठवडा पालटला की सगळं पुन्हा बदले. नाइट शिफ्टच्या नावानं सगळे कपाळाला हात लावायचे. भाऊजी पंप हाऊसमध्ये होते आणि त्यांनी नाइट चक्क मागून घेतली होती. ज्याची रात्र असेल त्याला आपला दिवस देऊन टाकायचे. साहेब खूश, सोबती खूश. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊजी, असं कावून करता जी?"

"अवो वहिनी, सगळेच झोपले तं दुनियेवर नजर कोन ठेवते?"

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणून मीही हसू आवरतं घेतलं, आणि हा माणूस थट्टा करतोय की खरं बोलतोय, या प्रश्नानं मला तेव्हापासून जे पकडलं ते अजून सोडलेलं नाही.

उंच, पाठीत वाकलेले, बारा महिने गळ्यात मफलर. बोलायचे इतकं हळू की शेजारी कोणी आजारी निजलंय असं वाटावं. चाळिशी गाठली तरी लग्न नाही. त्याचं कारण विचारलं तर म्हणत, "दिवसा झोपनाऱ्याले पोरगी कोन देते?" शनिवारचा उपास कडक. त्यांचा शनिवार नेमका कधी सुरू होई आणि कधी संपे, ते मात्र मला कधी उमगलं नाही. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे 'नाही' म्हणता येत नसे. कोणी काही मागितलं की "हो जी". एकदा लाइनीतल्या कोणाकडे पाहुणे आले म्हणून त्यांची खाट नेली ती कायमची. भाऊजी तेव्हापासून जमिनीवर झोपू लागले आणि खाट नेणारा भेटला की त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे.

दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती. भाऊजी सुपेल्याच्या बाजाराला सायकलवर गेले आणि पायी परत आले. सायकल नाही, बगलेत वेताची टोपली. बाजारात दक्षिणेकडचा एक ज्योतिषी बसत असे. पोपटाच्या जागी त्याच्याजवळ एक भलतंच जनावर होतं, ते लोकांना भविष्याची चिठ्ठी उचलून द्यायचं. भर दुपारच्या उन्हात त्याला बसवलेलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतलेले. भाऊजींनी ते पाहिलं आणि सायकल देऊन ते जनावर घेतलं.

"त्याची नाइट होती, वहिनी," ते म्हणाले, "अन् थो त्याच्यापाशून दिवसाची ड्यूटी करून घेऊन राह्यला होता."

एवढंच कारण. पुढे हिवाळाभर हा माणूस मफलर गुंडाळून पायी प्लांटला जात होता.

मी टोपलीत डोकावले तर मुठीएवढा केसांचा गोळा दिसला. डोकं मांड्यांत खुपसलेलं. संध्याकाळी तो गोळा उलगडला आणि मी दोन पावलं मागे सरले. डोळे! सगळं तोंड म्हणजे डोळेच. हातपाय वाळक्या काटक्यांसारखे आणि शेपूट नावालाही नाही. भाऊजींनी खोलीत बाभळीची फांदी आडवी बांधली होती. तिच्यावरून ते चाले म्हणजे काय, तर एक हात पुढे टाकायचं, जरा थांबायचं, मग दुसरा. आपण हललो की तिथल्या तिथे गोठून बसायचं. पण फांदीवर झुरळ आलं की दोन्ही हात असे झपकन जात की मला झुरळ दिसायचं तेही नाही. खाण्याआधी ते हातपाय ओले करून चोळी. लाइनीतल्या बायकांना याचं फार कौतुक, की बघा, जनावर असून हात धुऊन जेवतं. भाऊजी हळूच मला म्हणाले, "कशानं धुते थे इचारू नका जी." नंतर मी पाहिलं. ते स्वतःच्याच मुतानं धुई. हे मी बायकांना सांगितलं नाही.

गंमत अशी की ते जागं व्हायच्या वेळी भाऊजींची निघायची वेळ होई, आणि भाऊजी परत येत तेव्हा त्याची झोपायची. म्हणजे दिवसभर दोघं एका खोलीत ढाराढूर, आणि रात्र दोघांची वेगवेगळी. तरी त्याच्याविषयी भाऊजी तासन् तास बोलू शकत. रशियन साहेबांबरोबर फिरणारा एक दुभाषी त्यांना भेटला होता. त्यानं सांगितलं की तिकडे दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत रात्री जागणारी माकडं असतात. घुबडासारखे डोळे, चांदण्यात साद घालतात, नर-मादी जन्मभर जोडीनं राहतात, आणि पोर बाप पाठीवर घेऊन हिंडतो, आईकडे फक्त दूध प्यायला जातं. हे ऐकून भाऊजींनी आपलं जनावर त्याच जातीचं ठरवून टाकलं आणि त्याचं नाव बाबू ठेवलं. पुष्कळ वर्षांनी माझ्या कॉलेजातल्या भाच्यानं सांगितलं, की मावशी, ते माकडच नव्हतं, त्याला लोरिस म्हणतात, माकडाचं फार तर लांबचं नातलग. मी त्याला म्हटलं, अरे, आमच्या लाइनीत ते आधी काय होतं आणि मग काय झालं हे ऐकशील तर तुझं पुस्तक मिटून ठेवशील.

आधी ते भूत होतं. लाइनीतल्या एका पोराला ताप आला होता. कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधल्या आजीबाई, भंडाऱ्याकडच्या, सगळ्या लाइनीच्या वडीलधाऱ्या, दिवेलागणीला भाऊजींच्या खिडकीवरून जात होत्या. गोधडी जरा सरकलेली होती आणि आतून ते दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते. झालं! "हडळ बसली हाये घरात," असं म्हणत आजीबाईंनी सगळी लाइन गोळा केली. दोघांच्या हातात काठ्या होत्या. टोपलीसकट नाल्यात टाका, नाहीतर आम्ही टाकतो, असं चाललं होतं. भाऊजी कामावर निघायच्या तयारीत दारात उभे, हातात डबा. आता हा माणूस "हो जी" म्हणणार, अशी माझी खात्रीच होती.

"भूत नोहे जी हे," भाऊजी म्हणाले. "मारुतीरायाच्या फौजेतलं हाये. मले सांगा, रामाच्या लष्कराले रातचा पहारा लागे का नाई? सगळे वानर दिवसाच लढले, तं रातच्याले कोन जागत होतं? हे थ्या नाइट शिफ्टचं हाये."

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी त्यांना खुळ्यात काढलं असतं. पण तिथे जमलेला प्रत्येक पुरुष शिफ्टवाला, आणि प्रत्येक बाई शिफ्टवाल्याची बायको. एवढा मोठा सेतू बांधायचा, लंकेवर चालून जायचं, आणि सगळे वानर जनरल शिफ्टला? हे कोणालाच पटेना. नाइट असणारच. एकानं तेवढी शंका काढली, "अन् शेपूट कुठं हाये?" भाऊजी उत्तर शोधत होते तोवर मागून कोणीतरी म्हणालं, "जयली ना लंकेत!" आजीबाईंनी काठीवाल्यांना मागे सारलं आणि हात जोडले. पोराचा तापही दोन दिवसांत उतरला. मग काय विचारता.

शनिवार आला की लाइनीतून वाट्या निघू लागल्या. भिजवलेले चणे, गूळ, केळी. भाऊजी झोपलेले असले तर खिडकीतून आत सरकवायच्या. एकदा तर टोपलीला शेंदूर लावलेला मी पाहिला. बाबूनं केळं चाखलं, त्याला आवडलं, आणि तो आजारी पडला. पोट बिघडलं, अंगावरची लव विस्कटली, फांदी धरवेना. झोपेतही ज्याची पकड सुटत नसे ते जनावर जमिनीवर कुशीवर पडलेलं होतं. भाऊजींनी त्या दिवशी डोळ्याला डोळा लावला नाही. संध्याकाळी आजीबाईंकडे जाऊन हात जोडून म्हणाले, "केळी नका देऊ जी आता. हे किडे खाते."

"मारुतीच्या घरचं किडे खाते? जीभ झडन तुमची!"

"आजी, थे माकडबी नसंन कदाचित."

आजीबाई हसल्या. भल्या माणसाला मोठेपणा नको असतो, असं त्या नंतर सगळ्यांना सांगत होत्या. आणि पुढच्या शनिवारी वाट्या दुप्पट आल्या.

भाऊजी माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, भूत म्हनलं तं मारतेत. देव म्हनलं तंबी मारतेत. याले काय म्हनू, थे तरी सांगा." मी चहा दिला. तो त्यांनी घेतला नाही, शनिवार होता.

त्यांनी काढलेला मार्ग मला एका दुपारी दिसला. मी त्यांना नंतर उपास सोडायला कढी द्यायला गेले होते. दार लोटलेलं, अंधाऱ्या खोलीत बाबू फांदीवर गोळा होऊन झोपलेला, आणि खाली भाऊजी मांडी घालून लाइनीतल्या सगळ्या वाट्या समोर ओळीनं मांडून चणे खात बसलेले. गूळ, केळी, सगळं. लहानपणापासून शनिवारी पाण्याशिवाय काही न घेणारा माणूस.

"भाऊजी, आज शनिवार हाये!"

"मालूम हाये." डोळ्यांत पाणी, तोंडात चणे. "फेकता येत नाई, प्रसाद हाये. त्याले देता येत नाई. आन् वाट्या भरेल परत गेल्या तं लोक पुन्हा काई दुसरं आनतेत."

"मग झाकून ठेवा ना, उद्या खाजा."

"नाई जी. त्याच्या नावाचं हाये. त्यानं शनिवारचं शनिवारीच खाल्लं असतं."

मी कढी ठेवून परत आले. पण बाबू सावरला. भाऊजी प्लांटवरून येताना दिव्याखाली पडलेले नाकतोडे डब्यात भरून आणत, तेच त्याचं जेवण. लाइनीतले लोक रिकाम्या वाट्या बघून समाधानी. भाऊजींचं पोट मात्र सुटत चाललं आणि ते कशानं, हे माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

चैत्र लागला. हनुमान जयंतीला सूर्योदयाच्या वेळी बाबूला पालखीतून झाडाखालच्या मारुतीपर्यंत न्यायचं, असं लाइनीनं ठरवलं. रशियातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांची फळकुटं जोडून पालखी केली, ताशेवाला सांगितला. भाऊजींना विचारलं. ते "हो जी" म्हणाले. आदल्या संध्याकाळी कामावर निघताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"मी हो म्हनलं, वहिनी. तुमी नाई म्हना."

"मी? मी कशी म्हणू?"

"उजेडात, वाज्यात थे मरून जाईन जी. मले म्हनताच येत नाई. तोंडच उघडत नाई." आणि निघून गेले.

पहाटे ताशा वाजतच आला. ह्यांची पहिली शिफ्ट, हे निघून गेलेले. दारात अर्धी लाइन, पुढे आजीबाई नव्या लुगड्यात. किल्ली द्या, म्हणाले. मी म्हटलं, "थांबा, आधी मी पाहून येतो," आणि भाऊजींचं दार उघडून आत गेले, मागून लोटून घेतलं. बाहेर येऊन काय सांगायचं, ते ठरलेलं नव्हतं. फटीतून येणाऱ्या उजेडात फांदीवरचा गोळा दिसला. ताशाच्या प्रत्येक थापेला तो दचकत होता. मी जवळ गेले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाठ केली, आणि पाठ करताना पोटाशी काहीतरी घट्ट धरलं. मी वाकून पाहिलं. बोटाएवढं पोर होतं. आईच्या लवेत चारही पंजे रोवून चिकटलेलं, आणि त्या एवढ्याशा जिवालाही तोंडभर डोळे.

मी बाहेर आले. म्हटलं, "नेता येत नाही. बाबू नोहे थे. बाई हाये. बाळंत झाली."

ताशा थांबला. "मारुतीले बाई कशी चालते?" कोणीतरी कुजबुजलं. हिवाळाभर ब्रह्मचाऱ्याच्या नावानं शेंदूर लावला तो कोणाला, असा पेच सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "अंजनीमाय!" आणि लोक पुन्हा पालखी उचलू लागले. मला वाटलं, संपलं.

आजीबाईंनी काठी दारात आडवी धरली.

"अंजनी हाये का कोन हाये थे मंग पाहू. बाळंतीन हाये! आज पयला दिवस अन् उन्हात काढता तिले? ताशा वाजवता? तुमच्या मायले असंच काढलं होतं का बाहेर?"

आजीबाई उंबऱ्यावर बसल्या. खोलीत अंधार राहिला पाहिजे. आवाज नको. भेटायला कोणी जायचं नाही, हात कोणी लावायचा नाही. लोक पालखी घेऊन मुकाट्यानं गेले. भाऊजी जे हिवाळाभर हात जोडून मागत होते तेच सगळं आजीबाई आपणहून सांगत होत्या, आणि ते एका क्षणात सगळ्यांना कसं पटलं, हे मी अजूनही स्वतःला समजावत असते.

शिफ्ट सुटल्यावर भाऊजी जवळजवळ पळतच आले. दारात आजीबाईंना काठी घेऊन बसलेलं पाहिलं आणि लांबूनच विचारलं,

"मेलं का जी?"

"मरते कशाले? पोट्टं झालं."

भाऊजी तिथेच मातीत बसले. त्या जातीत नर-मादी ओळखताना भलेभले चुकतात, असं भाच्यानं मला पुढे सांगितलं. तेव्हा ते कोणाला ठाऊक! "मी तिले बाबू म्हनत होतो जी," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग आजीबाईंनी, कुठल्याही बाळंतिणीच्या घरी विचारतात तसं, सहज विचारलं, "अन् बाप कुठं हाये?"

भाऊजींचं हसू थांबलं. दुभाष्यानं सांगितलेली ती अमेरिकेतली माकडं, पोर पाठीवर घेऊन हिंडणारा बाप, हे सगळं त्यांच्या डोक्यात घर करून होतं. ज्योतिष्यानं पकडली तेव्हाच ही गाभण असणार, हे त्यांना उमजलं.

"बाप तिकडंच राह्यला, वहिनी," ते म्हणाले. "थो तिले हाका मारत असंन."

त्या दिवसापासून त्यांचा एकच ध्यास. पंप हाऊसमध्ये एक तामिळ रिगर, म्हणजे अवजड यंत्रं दोरांनी उचलून बसवणारा, होता, त्याचं गाव दक्षिणेत डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथे असली जनावरं असतात असं तो म्हणायचा. तो रजेवर जाणार होता. भाऊजींनी आयुष्यातली पहिली रजा मागितली. आजीबाईंनीही हुकूम दिला, की सव्वा महिना झाला, आता तिला तिच्या घरी पोचवा. निघायच्या दिवशी लाइनीतल्या बायका आल्या. आजीबाईंनी भोकं पाडलेला एक डबा पुढे केला. आत काहीतरी उड्या मारत होतं.

"चने नोहेत," त्या म्हणाल्या. "वाटेत खाऊ घाला तिले."

पंधरवडा उलटला आणि एका संध्याकाळी भाऊजी माझ्या ओट्यावर येऊन बसले. हात रिकामे. मी आत जाऊन पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी लोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "गाडीत मी तिले पाह्यलं, वहिनी. रातभर. पोराले टोपलीच्या काठाले लटकवून ठेवे, फिरे, अन् पुन्हा येऊन त्याले हुंगे. पयल्यांदाच पाह्यलं मी. सगळा हिवाळा माह्या घरी होती, अन् मले मालूमच नव्हतं का थे रातच्याले काय करते."

"आणि तिकडे? गेली ना झाडावर?"

"गेली. उजेड कमी झाला तवा टोपली उघडली. तिनं एका हातानं फांदी धरली, पोट्टं पोटाले." त्यांनी मफलर सैल केला. "दुसऱ्या हातानं माहं बोट धरलं होतं."

"मग?"

"सोडेच ना. रिगर म्हने, चला. मीबी म्हनलं, चाल बाई. सोडेच ना." त्यांनी स्वतःचा हात पुढे धरला आणि दुसऱ्या हातानं त्यावरून एकेक काहीतरी उचलून बाजूला केल्यासारखं केलं. "मंग मीच सोडवलीत. तिची बोटं. एक एक करून."

मला रडू फुटलं, मी पदर तोंडाला लावला. प्लांटचा भोंगा वाजला. नाइटवाले डबे घेऊन आमच्यासमोरून जाऊ लागले. दोघातिघांनी भाऊजींना हाक मारली, "चलता ना जी?"

भाऊजी हाताकडे बघत तसेच बसून राहिले. त्या दिवशी ते नाइटला गेले नाहीत.